चरावरचा नारळ

सासूबाईंसाठी मागे खोली वाढवतोय. खोलीच्या पायाभोवतीचा चर सकाळी उघडा होता. दुपारी बँकेतून आले तर तो बुजवून, माती सपाट करून, वर हळदकुंकू वाहून नारळही फोडलेला. पायाची पूजा तर आधीच झाली होती!

"मुरूम थराथराने, पाणी मारून ठोकलात ना?"

"सगळं केलं ताई," ठेकेदार हसले. "आता पूजेची जागा तेवढी उकरू नका."

सासूबाईंना दमा आहे. भिंतीशी पाणी मुरलं तर ओल थेट त्यांच्या उशाशी येणार. सपाट दिसलं की आपण किती पटकन विश्वास ठेवतो. हळदकुंकू असलं तर विचारायचीही चोरी.

उकरायला मनाई, म्हणून मी नुसतं बादलीभर पाणी ओतलं. ते बाहेर वाहायचं सोडून भिंतीकडे वळलं. बुडबुडे आले, माती खचली आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीचं टोक वर डोकावलं.

"ताई, देवाचं काम आहे हो," ठेकेदार पुटपुटले.

एकही उपवास न चुकवणाऱ्या सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. धापा टाकत पुढे आल्या, नारळाची दोन्ही भकलं उचलून पदरात घेतली.

"उकर गं," म्हणाल्या. "देवाला मी सांगते."