सरांचे दहा शब्द

रोज दहा अवघड इंग्रजी शब्द पाठ झाल्याशिवाय सरांना जेवण गोड लागत नसे. डंडॉक या आयरिश गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात ते स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या, म्हणजे कपाटाच्या, दारावर चिठ्ठ्या चिकटवत. वर शब्द, खाली मराठी अर्थ. इन्डिफॅटिगेबल : न थकणारा. मीठ काढायचं तरी आधी तो वाचावा लागे. सर कुठेही शिकवत नव्हते, आमच्यासारखेच एम.एस्सी. करून नोकरी शोधत होते. 'सर' हे नाव आम्ही टवाळीने ठेवलेलं, आणि त्यांना तो मान वाटे.

ते बार्शीचे, मराठी माध्यमातले. कॉलेजात त्यांच्या पहिल्या सेमिनारला अख्खा वर्ग हसला, तेव्हापासूनचं हे वेड. "लहान शब्द कुणीही बोलतं रे," ते म्हणत. "मोठा शब्द टाकला की समोरचा खुर्चीत नीट बसतो."

आम्ही त्यांचा पुरता तमाशा केला. दर रविवारी पोहे झाले की लुटुपुटीचा इंटरव्ह्यू. साहेब मी. प्रत्येक मोठ्या शब्दाला एक गुण. सर खरोखर टाय बांधून बसत आणि आम्ही ओठ चावून हसू दाबत असू.

एकदा भिंतीला बुरशी आली. सरांनी घरमालकिणीला लांबलचक मेसेज पाठवला. त्यात 'डिलिटीरियस', म्हणजे अपायकारक, हा शब्द होता. तिचं उत्तर आलं, "ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत नुसतं 'ठीक आहे'. महिनाभर बुरशी तशीच. मग मी लिहिलं, भिंत ओली आहे, माणूस पाठवा. दुसऱ्या दिवशी माणूस हजर. इथे साधं बोलणाऱ्याचं काम होतं, हे मला तेव्हाच कळलं. सरांना मी ते सांगितलं नाही.

पुढे एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात एकच जागा निघाली आणि आम्हा दोघांनाही बोलावणं आलं. दोघांचीही इथे राहण्याची मुदत त्याच महिन्यात संपत होती. आदल्या संध्याकाळी सर माझ्या खोलीत आले.

"खरं सांग, शब्द वापरू की साधं बोलू?"

त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"सगळे वापरा, सर," मी म्हणालो. "एकही सोडू नका."

मशीन बंद पडलं तर काय कराल, असं दोघांनाही विचारलं गेलं. 'सिच्युएशन अमेलिओरेट करीन, म्हणजे सुधारीन, म्हटलं, आणि वर अर्थही समजावून दिला,' हे सरांनी घरी येऊन मोठ्या खुशीत सांगितलं. मी लाइन थांबवून सुपरवायझरला बोलावीन म्हणालो होतो. नोकरी मला मिळाली.

सर परत निघाले तेव्हा बाकीच्यांना नेमकी कामं निघाली. बसपर्यंत बॅग मीच नेली. सर माझा हात धरून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. बाकीचे हसायचे, कळायचं मला. तू एकटा मात्र मनापासून माझी तयारी करून घेत होतास."

तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. मी "हो, सर" म्हणालो. लाज वाटते ती याची, की ते ऐकून मला बरं वाटलं.