भिंतीलगतची अंबाडी

माती जिभेवर ठेवून चाखणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिला, इथे कतारला, दोह्यात. आमच्या कंपाउंडचा माळी. चिमूटभर माती उचलायचा, जिभेच्या टोकाला लावायचा, बाजूला थुंकायचा आणि म्हणायचा, "खारट हाय. अजून दोनदा धुवावी लागंल."

मला किळस यायची. "अरे, मांजरं फिरतात तिथं."

"मग मांजराला इचारा मावशी, खारट हाय का नाई."

मी ओल्ड एअरपोर्ट भागात लेकाकडे राहते. बारा व्हिला, एक भिंत, एक गेट. लेक इंजिनिअर, सून ऑफिसात, नातू शाळेत. नातवाला मराठीत विचारलं की तो इंग्रजीत उत्तर देतो आणि सून कौतुकाने हसते. मला माझ्या बोलीत उत्तर देणारा एकच माणूस होता, आणि तो घराबाहेर उन्हात उभा असायचा. धर्माबादकडचा. माझं माहेर त्याच बाजूचं. पन्नाशीचा असेल. बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत सहा जणांच्या खोलीत राहायचा, पहाटे कंपनीच्या बसने यायचा. मुलगी नांदेडला नर्सिंग शिकत होती. "अजून एक वर्ष," म्हणायचा. "एक वर्ष इथं काढलं की पोरगी तिच्या पायावर. मग मी मोकळा."

गावाहून येताना मी अंबाडीचं बी डब्यात घालून आणलं होतं. ज्यांना अंबाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आंबट पालेभाजी. ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवायची, वरून लसणाची फोडणी. मी लहानपणी आठवड्यातून चार दिवस तीच खाल्ली. बी त्याच्या हातावर ठेवलं तर त्याने एक दाणा दाताखाली फोडून बघितला. मग एवढंच म्हणाला, "गोंगुरा." तेलंगणाच्या सीमेकडचे अर्धे लोक तिला तेलुगूतलंच नाव देतात.

कंपाउंडच्या मॅनेजरने आमच्या स्वयंपाकघरामागे दोन हात जागा भाजीला दिली होती. तिथे त्याने पेरली. सगळी मेहनत केली. वाळू धुतली, बकरीच्या लेंड्यांचं खत घातलं. बागेच्या नळाला प्रक्रिया केलेलं सांडपाणी येतं, ते भाजीला घालायचं नाही म्हणून बारा व्हिलांच्या एसीच्या नळ्यांखाली बादल्या लावल्या. ते पाणी गोडं, त्यात मीठ नसतं. एवढं करूनही काड्यांसारखी झाडं आली. आठवड्याला एक जुडी, तीही माझ्या मुठीत मावणारी.

मी बोलून बोलून त्याचा जीव खाल्ला. "एवढीशी? आमच्या शेतात टोपलीभर निघायची."

"शेतात ऊन होतं मावशी. हितं भिंतीची सावली हाय. ऊन नाई तर पान नाई. खत घालून काय होत नसतंय."

"मग उन्हात लाव."

"उन्हात म्हंजे म्होरं, गेटच्या भिंतीला. तिथं परवानगी नाई." मग म्हणाला, "आणि हिचं पान बगितलं का? हाताच्या पंजावानी. गांजाचं पान असंच दिसतंय. न कळणारा मानूस भलतंच समजंल."

मी हसले. "कोण समजणार? सगळे आपलेच राहतात इथं. घाबरट आहेस."

"झाडाला घाई नाई मावशी, तुमाला हाय," तो म्हणाला. पण पुढच्या मार्चमध्ये त्याने पुढच्या भिंतीलगत पेरली. मीच भरीला घातलं. हे मी लपवत नाही.

पीक कसं वाढतं ते मला त्या वर्षी कळलं. दाट उगवली तेव्हा त्याने निम्मी रोपं उपटून टाकली. मी ओरडले. तो म्हणाला, "वाखासाठी, दोर वळायला लावलं तर दाट, उंच जातंय. पाल्याला मोकळी जागा पाहिजे." गुडघ्याएवढी झाली तेव्हा त्याने सगळ्यांचे शेंडे खुडले. मी परत ओरडले. आठ दिवसांत एकेका झाडाला चार-चार फांद्या फुटल्या. वाऱ्यात वाळू उडून पानं फाटायची, म्हणून त्याने जुनं पोतं आडवं बांधलं. जुलैत दुपारी जाळी टाकली. दिवस लहान व्हायला लागले तशी दिव्यापासून लांबची झाडं फुलावर आली आणि त्यांचं पान आखडलं. पण भिंतीवरच्या दिव्याखालची पानंच देत राहिली. "त्यांना वाटतंय अजून दिवसच हाय," तो म्हणाला. "येडी हायत." दर शुक्रवारी टोपलीभर निघायची. तो अर्धी खोलीवर न्यायचा. सहाच्या सहा जण तेलंगण नाहीतर नांदेडकडचे. भाजी असली की त्या दिवशी कुणाचं भांडण होत नाही म्हणे.

ऑक्टोबरात तीन नंबरवाली संध्याकाळी फिरायला निघाली. पुण्याची, कॉम्प्युटरमधली. तिने पानाचा फोटो काढला, फोनला विचारलं, फोन म्हणाला गांजा. तिने तो कंपाउंडच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, मुलांच्या समोर ड्रग्ज. तासाभरात मॅनेजर आला, माळ्याच्या कंपनीचा सुपरवायझर आला, लोक जमले. मीही गेले. लेक माझ्या मागे.

सुपरवायझरने एकच विचारलं, "बी कुठून आलं?"

विमानतळावरून कुणी आणलं, असा त्याचा अर्थ. मला कळला. माळ्यालाही कळला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझं हाय. गावाकडून आणलं."

मी तोंड उघडलं. लेकाने माझा कोपर धरला. "आई, आत चल. इथला कायदा तुला माहीत नाही. माझी नोकरी जाईल."

आणि मी आत गेले. सत्तरी ओलांडलेली बाई, कुणाला न घाबरणारी म्हणून गावात प्रसिद्ध, शेळीसारखी आत गेले.

खिडकीतून दिसत होतं. झाडं त्यालाच उपटायला लावली. तो एकेक झाड मुळासकट काढायचा, मुळाची माती झटकायचा, मग काळ्या पिशवीत घालायचा. बाजारात न्यायची असल्यासारखी जुडी सारखी करून. जमलेल्यांपैकी कुणी एक पान तोडून तोंडात घातलं असतं तरी आंबट लागून सगळं संपलं असतं. पण सगळे फोटो काढत होते.

दोन दिवसांनी आठ नंबरच्या तेलुगू नर्सने ग्रुपवर लिहिलं, अहो, ही गोंगुरा आहे. त्यानंतर माझ्या लेकाला, हो, भाजीच आहे, एवढं लिहायचं धाडस झालं. तीन नंबरवालीने हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी तिचं दार वाजवलं.

"तू मराठी ना? अंबाडी ओळखत नाहीस?"

"आजी, आमच्याकडे कधी करतच नाहीत. अ‍ॅपने तसंच दाखवलं. आणि सॉरी म्हटलं ना मी ग्रुपवर."

"अ‍ॅपला विचारलंस. मी पंचवीस पावलांवर राहते, मला नाही विचारलंस. आता त्या माणसाचं काय?"

"का? त्याला काय झालं?"

तिला माहीतच नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. त्याचा मला जास्त राग आला.

गांजा नाही म्हटल्यावर कंपनीने दुसरं कारण काढलं. परवानगी नसलेल्या जागी लागवड केली. त्याला गावी परत पाठवायचे कागद आधीच पुढे गेले होते, ते मागे घ्यायची कुणाला गरज वाटली नाही. शेवटच्या दिवशी तो खुरपं न्यायला आला. मी खाली गेले.

"खोटं का बोललास रे?"

"मला घरीच पाठवतेत मावशी. तुमच्या लेकाला धरलं असतं तर तुमी कुठं गेला असता?"

"आणि पोरीचं वर्ष?"

तो खुरप्याला चिकटलेली माती नखाने काढत राहिला. "बगू."

"मी सांगते मॅनेजरला. आत्ता जाते. बी माझं होतं."

"आता नका जाऊ. खलास झालं." मग म्हणाला, "लांबच्या झाडांचं बी कच्चं होतं, दिव्याखालच्यांना धरलंच नवतं. न्हाईतर तुमाला ठिवलं असतं थोडं."

मी मॅनेजरकडे गेले नाही. त्याने नको म्हटलं म्हणून नाही. मला माझ्या लेकाची नोकरी हवी होती, म्हणून. लोक मला सांगतात, तुम्ही काय करणार होता, वय झालं. वय पायांचं झालंय, तोंडाचं नाही. कुठे उघडायचं नाही ते तोंडाला बरोबर कळलं.

त्याचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. लेकाला मिळवायला सांगितलं. "बघतो," म्हणाला. अजून बघतोय.

भिंतीलगतच्या त्या पट्ट्यावर मॅनेजरने प्लास्टिकचं गवत अंथरलं. नवा माळी नेपाळचा आहे, माझ्याशी बोलत नाही. वाऱ्याने धूळ बसते, म्हणून तो रोज सकाळी नळी धरून त्या गवताला पाणी मारतो.