अनेरच्या पाण्याची बाटली

हॉर्न वाजला तेव्हा माझ्या मालकांचा देह अंगणात आणून ठेवला होता. दर सोमवारी सरकारी गाडी यायची, नदीच्या पाण्याची बाटली जळगावला तपासायला न्यायची. त्या सोमवारीही आली. ड्रायव्हरने गर्दी पाहिली, टोपी काढली आणि बाटली न घेताच परत गेला... त्याला सव्वा महिना झाला.

आमचे हे अनेर नदीचं पाणी मोजायचे. सातपुड्यातून उतरणारी आमची नदी पावसाळ्यात लालभडक आणि थंडीत अशी, की तळाचे गोटे मोजावेत. सकाळी पुलाच्या खांबावरच्या खुणा बघून पाणी किती चढलं ते वहीत लिहायचे, पाण्याचा रंग लिहायचे. थर्मामीटर बुडवण्याआधी स्वतःचा हात पाण्यात घालायचे. बाटली आधी नदीच्याच पाण्याने तीनदा विसळायची, मगच भरायची.

मी नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. झाडताना माझ्या हातून भरलेली बाटली कलंडली. भीतीने मी तीत माठातलं पाणी भरून ठेवलं. यांनी ती खिडकीशी धरली.

"हाई पानी अनेरनं नही, आपला माठनं शे."

मी खाली मान घालून म्हटलं, नदीपेक्षा हे स्वच्छ आहे. ते हसले. "नदी गढूळ शे ना, मंग गढूळच सांगानं." आणि भर उन्हात पुन्हा नदीवर गेले. तेव्हापासून मी त्या बाटलीला हात लावला नाही.

यंदा पावसाळ्यात यांनी अंथरूण धरलं. त्या रविवारी सारखे रिकाम्या बाटलीकडे बघत होते. मी बाटली उचलली. पुलावर पुरुष बसलेले असतात म्हणून मी कधी एकटी तिकडे गेले नव्हते. पदर ओढून खाली उतरले. तीनदा विसळली. आधी हात घातला... गारवा कोपरापर्यंत चढला.

यांना बाटली एकट्याने पेलवेना. मी खालून बाटलीला हात दिला, दोघांनी मिळून ती खिडकीशी धरली. बराच वेळ बघितलं त्यांनी.

"आज खरं पानी शे," म्हणाले.

पहाटे गेले.

बाटली अजून कोनाड्यात आहे. गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी माठातल्यासारखं नितळ दिसतं. ते मला बघवत नाही. रोज सकाळी मी ती खिडकीशी नेते, एकदा हलवते. पाणी पुन्हा लाल झालं की जागेवर ठेवते.