गिरडची टेकडी आणि पायाळूची टाच

गेले कित्येक महिने सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. मी एसटीत कंडक्टर आहे. सोळा वर्षं हलत्या गाडीत उभी राहिले, तीही पातळ सपाट चपलेवर. टाच तरी किती सोसणार? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तळव्याच्या जाड पट्ट्याला सूज आहे. औषधं थोडीच दिली. जोर सगळा रोजच्या मेहनतीवर. उठण्याआधी पंजाला टॉवेल अडकवून पाय आपल्याकडे ओढायचा, बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची, मऊ टाचेची सँडल वापरायची आणि घरातही अनवाणी फिरायचं नाही.

तोवर डेपोत बसून काम मिळालं. मला ती शिक्षाच वाटली. तीन महिने नेमाने व्यायाम केल्यावर मी मनाशी ठरवलं, गिरडची दर्ग्याची टेकडी चढून उतरायची. दुसऱ्या सकाळी पहिलं पाऊल दुखलं नाही, तर गाडीवर परत जायचा अर्ज टाकायचा. गिरडला शेकडो फेऱ्या केल्या, पण गाडी वळवायची घाई, टेकडी कधी चढलेच नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हळू जा, आणि दुखलं की थांबा."

धाकटी जाऊ मंदा सोबतीला म्हणून सेलूहून आदल्या दिवशीच माझ्याकडे आली. तुम्हीही जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी पकडा. वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून समुद्रपूरमार्गे गिरड. बायांना अर्धं तिकीट. हिंगणघाटला तर्रीपोहे खाल्ले, नाकातून पाणी आलं. पिशवीत गोरसपाक बिस्किटं, क्रेप बँडेज आणि फडक्यात गुंडाळलेली माझी बर्फाची बाटली, एवढं होतं. मंदाच्या पायात मात्र खास सहलीसाठी घेतलेली उंच टाचेची सँडल. मी बोलले, तर म्हणाली, "फोटोत चांगली दिसते, ताई!"

अर्धी टेकडी चढलो. टाच गप्प होती, वाऱ्याने घाम सुकत होता आणि मी मनातल्या मनात अर्ज लिहायला घेतला होता. तेवढ्यात मंदा फोटोसाठी एक पायरी मागे सरली आणि घोटा आत मुडपून बसलीच. बघता बघता लिंबाएवढी सूज आली.

"तुमी त पायाळू आहा ना ताई! लावा ना पाय," ती रडत म्हणाली.

खरंय, मी पायाळू. पायाकडून जन्मलेली. पायाळूच्या लाथेनं लचक जाते म्हणतात, त्यामुळे लहानपणी आमच्या दारात कंबर धरून आलेल्यांची रांगच असे. मला त्याचा केवढा तोरा होता! पण माझीच टाच रुसली, तेव्हा दुसऱ्या एका पायाळूच्या सात लाथा खाऊनही ती जागची हलली नव्हती.

बाजूच्या नारळवाल्या चाचांनी लगेच फर्मान काढलं, "काऊन विचार करून राह्यल्या बाई? मारा दोन लाता. नाई त मी तेल गरम करून चोळून देतो."

"चोळायचं नाही चाचा! ताज्या मुरगळीला चोळलं की सूज वाढते." मी कंडक्टरच्या आवाजात बोलले. चाचा एक पायरी खाली उतरले.

बाटली फडक्यासकट घोट्यावर धरली, पाय पिशवीवर उंच ठेवला आणि मग बँडेज बांधलं. बोटं निळी पडत नाहीत ना, पाहिलं. मंदाला उभं केलं, पण तिला चार पावलंही टाकवेनात. म्हणजे एक्स-रे काढायलाच हवा.

मी वर पाहिलं. दर्ग्याचा हिरवा झेंडा दिसत होता. पंधरा मिनिटांचाच रस्ता राहिला होता. जीव चुटपुटला, खोटं कशाला बोलू! मग मंदाचा हात खांद्यावर घेतला आणि पायरी पायरी मोजत उतरले, तिचा सगळा भार माझ्या टाचेवर घेऊन. दुसऱ्या बाजूनं चाचांनी धरलं. म्हणत होते, "धीरानं येजो, बाई."

ऑटोनं समुद्रपूरच्या दवाखान्यात गेलो. हाड शाबूत होतं. तरी मंदाचं तोंड सुकलेलंच, म्हणून निघताना तिच्या चांगल्या पायाला माझ्या पायाचा अंगठा टेकवला. तेवढ्यानं हसली.

रात्री मी पडल्या पडल्या टाचेला विनवलं, बाई, आता तूच सांभाळ. टेकडी तर अर्धीच झाली होती, आणि आजच्या ओझ्यानं तीन महिन्यांची मेहनत वाया गेली असणार, असंच वाटत होतं.

सकाळी आतल्या खोलीतून मंदाची हाक आली, "ताई, सूज उतरली! तुमच्या पायाचाच गुण!"

"बर्फाचा गुण आहे," मी स्वयंपाकघरातून ओरडले. आणि हातातलं चहाचं भांडं तसंच राहिलं. मी ओट्यापाशी उभी होते. पलंगावरून इथवर आले होते, आणि पहिलं पाऊल कधी पडलं ते मला कळलंच नव्हतं.

चहा उकळेपर्यंत अर्ज लिहून झाला. मार्ग कोणता हवा, या रकान्यात लिहिलं: गिरड.