मोठ्या ब्रदरांचा उपास

मोठे ब्रदर वाचले, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायचा, आणि माझा तेव्हा पुरेसा लागला होता. आजही त्या गुरुवारची आठवण आली की मी आधी स्वतःला बजावते, बाई, ते वाचले, आणि मगच पुढचं आठवते.

आमचं घर लक्ष्मी गेटच्या आत. माहेर आणि सासर दोन्ही झाशीतलंच, दोन्हीकडचे पूर्वज कधीकाळी दक्षिणेतून इथे चाकरीला आलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भाजीवालीशी घासाघीस बुंदेलीत. मुलं नोकऱ्यांसाठी बाहेरगावी गेली तेव्हा घर खायला उठलं, म्हणून मी छावणीकडच्या एका शाळेच्या आवारात ब्रदर लोकांच्या घरी स्वयंपाकाला लागले. ब्रदर म्हणजे फादर नव्हेत, हे मला तिथे गेल्यावर कळलं. चौघं जण, लग्न न केलेले, भावांसारखे एका घरात राहायचे, शाळेत शिकवायचे, एका टेबलावर जेवायचे. आमच्याकडे सख्ख्या भावांना एक गच्ची वाटून घेता येत नाही, आणि इथे एक रांचीचा, एक केरळचा, एक गोव्याचा आणि एक वसईचा मुकाट्याने पाळीपाळीने न्हाणीघर धूत होते. मला तर बाई नवलच वाटायचं.

वसईचे ते मोठे ब्रदर. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर गणित शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांची मराठी वसईची, माझी झाशीची. एकमेकांचं निम्मंअर्धं कळायचं नाही. पण घराबाहेरच्या कुणीतरी आपल्याशी मराठीत बोलावं, याचं सुख काय असतं ते पुण्यात राहणाऱ्याला कळायचं नाही. इतर तिघं मला आंटीजी म्हणत, ते मला बाय म्हणत. मी भाजी निवडत बसले की खुर्ची ओढून बसायचे आणि मीठ कमी पडतंय, लसूण जास्त होतोय, असं काहीबाही सुनवायचे. मीही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हे.

घराचे प्रमुख होते रांचीचे ब्रदर. त्यांना सुपीरियर म्हणत. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट तीनदा सांगितली. मोठ्या ब्रदरांना साखरेचा आजार आहे, सकाळी ते स्वतः त्यांना गोळी देतात, आणि गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. मी म्हटलं, मला एकदा सांगितलं तरी कळतं.

थंडी सरली आणि त्यांचा उपासाचा काळ आला. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. पहिला दिवस राखेचा बुधवार, त्या दिवशी सगळ्यांचा उपास, एवढं सुपीरियर आदल्या दिवशी सांगून गेले. उपास म्हटल्यावर मी पदर खोचला. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, तुपातली बटाट्याची भाजी, वर केळ्याचं शिकरण. कपाळाला राख लावून चौघं टेबलाशी आले आणि उभेच राहिले. शेवटी सुपीरियरनी विचारलं, आंटीजी, आज कुणाचं लग्न आहे का?

मोठे ब्रदर हसता हसता खुर्चीत बसले. मग डोळे पुसत त्यांनी मला समजावलं, की त्यांच्या उपासाला एक साधं जेवण, बाकी वेळ भूक, आणि आपल्या तोंडचं जे वाचेल ते कुणा उपाश्याला द्यायचं. ते सगळं फराळाचं डबे भरभरून फाटकाबाहेर गेलं. मी घरी येऊन यजमानांपुढे धुसफुसले. रताळी किसून बोटं सोलवटली होती माझी. आणि उपासाचं मला कोण शिकवणार? सोळा सोमवार केलेत मी. हरतालिकेला पाण्याचा थेंब घेत नाही. यजमान म्हणाले, तुझ्या उपासाच्या दिवशी आम्हाला मात्र भीती वाटते, किती चिडतेस. त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

दुसऱ्या आठवड्यात मोठ्या ब्रदरांनी सकाळचं ताट तसंच माझ्याकडे सरकवलं. बाकीचे तिघं साडेसातला शाळेत जायचे, दुपारचंही तिकडेच खायचे. त्यामुळे यांची न्याहारी आणि दुपारचं जेवण माझ्या एकटीसमोर व्हायचं. म्हणाले, बाय, मी उपास धरलाय, हे तुझ्यामाझ्यात ठेव. वयामुळे आणि आजारामुळे त्यांना उपास माफ होता, सुपीरियरनी तर करूच नका म्हणून सांगितलं होतं. पण त्यांचं म्हणणं वेगळं. शिकवणं सुटलं, गुडघ्यांमुळे चालणं सुटलं, डोळ्यांमुळे वाचणं सुटत आलं. "देवाला द्यायला आता माझ्याकडे एवढंच उरलंय, बाय," ते म्हणाले. पोळ्या कागदात गुंडाळून ते फाटकाशी बसणाऱ्या, टहरौली गावाकडच्या एका म्हाताऱ्या हमालाला नेऊन द्यायचे.

कुणीही शहाणी बाई त्याच संध्याकाळी सुपीरियरना सांगती. मी नाही सांगितलं. आमच्याकडे कुणाचं व्रत मोडायला लावणं म्हणजे महापाप. सासूबाई तापाने फणफणलेल्या असल्या तरी सोमवारी त्यांना घोटभर पेज घ्या म्हणायची कुणाची छाती नव्हती. उलट आम्ही सुना त्यांच्या पाया पडायचो. मोठे ब्रदर मला तसेच वाटले. मनातून अभिमानच वाटला, की या चौघांत खरा उपास काय तो यांना आणि मला कळतो. आणि मी पुढची पायरी गाठली. त्यांच्या ताटाला वरण फासून, दोन शितं चिकटवून ते मोरीत ठेवायचं, म्हणजे कुणी आलंच तर जेवण झालेलं दिसावं. हे मी जवळजवळ दोन आठवडे केलं. गोळीचा विचार मनात आला नाही असं नाही. उपास धरलाय तर गोळी घेत नसतील, असं मी माझं मीच ठरवून टाकलं. ते घेत होते. सुपीरियर रोज सकाळी हातावर ठेवत होते, नाही म्हणायची सोय नव्हती.

त्या गुरुवारी अकराच्या सुमाराला मी कणीक मळत होते. मोठे ब्रदर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सदरा घामाने चिंब. बाहेर ऊन होतं, पण तेवढं नव्हतं. मला काहीतरी भलतंच विचारायला लागले, होडी आली का, जाळी वाळली का. मग चौकटीला धरून खाली बसले आणि आडवे झाले. मी ओरडत शाळेच्या व्हरांड्यापर्यंत पळाले, हाताला कणीक तशीच.

सुपीरियर धावत आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, सकाळी काय खाल्लं? आणि काय सांगू, त्या क्षणीही माझी जीभ अडली. मोरीत ते वरण फासलेलं ताट होतं, ते बघून त्यांनी असं धरलं असतं की पोटात अन्न आहे, तर वेगळीच धावपळ झाली असती. मी म्हटलं, "काही नाही खाल्लं. आजही नाही आणि काल दिवसाही नाही. ताट मी खरकटं केलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साखरेचा डबा ओढला, मूठभर साखर ओली करून गालाच्या आत चोळत राहिले, आणि दुसऱ्या ब्रदरांनी गाडी काढली.

दवाखान्यातून निरोप येईपर्यंत मी ओट्याशी उभी होते. गणपतीला काय काय बोलले ते मलाच माहीत. दीड वाजता केरळचे ब्रदर सांगायला आले, शुद्धीवर आलेत, बोलताहेत, दोन दिवसांनी सोडतील. मी खाली बसले आणि मोठ्याने रडले. इतकं हलकं मला मुलं सुखरूप झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्यांच्या घरात एक रीत होती. उपासाच्या काळात दर शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना झाली की ते बैठकीच्या खोलीत गोल बसायचे आणि आठवड्यात आपण घरातल्या भावांच्या बाबतीत काय चुकलो, ते ज्याचं त्याने सांगायचं. दुसऱ्याचं नाही, आपलंच. दार उघडं असायचं, पोळ्या लाटता लाटता माझ्या कानावर पडायचं. कुणी रागाने बोललेलं, कुणी दुसऱ्याची पाळी टाळलेली. मला पूर्वी त्याचं हसू यायचं. त्या शुक्रवारी मी हात पुसले आणि आत जाऊन उभी राहिले. मला काढून टाकतील हे धरूनच चालले होते. म्हटलं, मी तुमच्या घरातली नाही, पण माझंही सांगायचं आहे. आणि ताटाचं सगळं सांगितलं. महापापाचंही सांगितलं, अभिमानाचंही.

मग सुपीरियर मला नाही, त्या दोघांना उद्देशून म्हणाले की रात्रीच्या जेवणाला आपण रोज मोठ्या ब्रदरांच्या शेजारी बसतो. पंधरवड्यात मोठ्यांनी कंपासच्या टोकाने कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली, ती आपण पाहिली. आणि विचारलं नाही, कारण उपासाच्या दिवसांत शांतता पाळायची म्हणून आपल्याला ते सोयीचं होतं. एवढं बोलून त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. त्या घरात मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

मोठे ब्रदर घरी आल्यावर सुपीरियरनी त्यांना आज्ञा दिली. आज्ञा म्हणजे तिथे मोठी गोष्ट. नवस बोलल्यासारखी ती पाळावी लागते. इथून पुढे ईस्टरपर्यंत तुमचा उपास म्हणजे तीन वेळा वेळेवर जेवणं. एकटं नाही, कुणाच्या तरी बरोबर. दुपारी शाळेतून एक जण पाळीने यायचा आणि त्यांच्याबरोबर जेवून परत जायचा. मोठे ब्रदर जेवत, पण रागाने. माझ्याशी तर बोलणंच टाकलं. खुर्ची ओढून बसणं बंद, मिठाबद्दल चकार शब्द नाही. मला लागलं, पण मी म्हटलं, रागवा, हवे तेवढे रागवा. जिवंत माणूसच रागावतो.

गुड फ्रायडेला शाळा बंद. चौघांचाच काय, त्यांच्या सगळ्या लोकांचा त्या दिवशी उपास. तिघं ब्रदर बाराच्या आधीच चर्चमध्ये तयारीला गेले, मोठ्यांना नंतर गाडीने न्यायचं ठरलं होतं. सुपीरियर जाताना मला म्हणाले, आज त्यांच्याबरोबर जेवायला आमच्यातलं कुणी नाही, तुम्ही नुसतं शेजारी बसा. गोळी सकाळी दिली होती, दूधपाव कसाबसा गेला होता. साडेबाराला मी मऊ भात, वरण आणि दुधी असं वाढून ठेवलं. ते ताटाकडे बघत बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी घड्याळाकडे बघत राहिले.

मग कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी बोलले. "आज नको गं, बाय. आज तो क्रुसावर, आणि मी ताटावर? सगळे उपाशी आहेत. घास उतरत नाही."

मी समजावलं, आज्ञेची आठवण दिली. ते मान हलवत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कपाळावर घाम दिसतोय का म्हणून मी वाकून बघितलं. आणि मला असा काही संताप आला. त्यांच्यावर की माझ्यावर, ठाऊक नाही. मी तरातरा आत गेले, दुसरं ताट घेतलं, त्यात भात घातला, वरण घातलं, त्यांच्या समोर येऊन बसले आणि कालवायला लागले.

ते बघतच राहिले. सकाळीच मी त्यांना ऐकू जाईल असं केरळच्या ब्रदरांना सांगितलं होतं, की आज माझी संकष्टी, चंद्र पाहूनच जेवते, तेव्हा संध्याकाळी लवकर सोडा. लग्नाआधीपासून धरलेली. बाळंतपणातही चुकवली नव्हती.

"आज तुझी चतुर्थी ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मोडू नको. पाप लागेल तुला."

"लागू दे. निम्मं तुम्ही घ्या," मी म्हटलं, आणि पहिला घास तोंडात घातला.

खरं सांगते, मला वाटलं होतं घास घशात अडकेल. नाही अडकला. साधा वरणभात होता, गरम होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं, चांगला लागला. मी दुसरा घास घेतला. मोठ्या ब्रदरांनी कपाळ, छाती, खांदे असा हात फिरवला आणि भाताला हात घातला. आम्ही दोघं जेवत होतो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पंखा कुरकुरत होता. त्यांचा निम्मा भात संपला तसा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि मला एकदम इतकं मोकळं वाटलं की हातातला घास हातातच राहिला.

त्यांनी ताट पुढे केलं. म्हणाले, वरणात मीठ कमी आहे, पण वाढ अजून थोडं.