गुरुवारची जिन

साडेदहा वाजले होते. हेड ऑफिसच्या मॅडम बाराला यायच्या होत्या. काउंटरवर संत्री होती, ईडलिंबं होती, धुऊन ठेवलेली गवती चहाची जुडी होती आणि जिनची एक नवी कोरी बाटली होती. सगळं होतं, फक्त चाखायला तोंड नव्हतं. तो मार्गशीर्षातला गुरुवार होता आणि माझा उपास होता.

बारटेंडरबाईला मार्गशीर्षाचा उपास, हे ऐकून लोक हसतात. हसू देत. मी उरणकडची कोळीण. भारती नाव. एकोणीस वर्षं पनवेलच्या हॉटेल लाइनमध्ये आहे, त्यातली बारा बारच्या मागे. बारमध्ये लागले तेव्हा आईनं दोन दिवस तोंड फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी तिनंच तोडगा काढला. गुरुवारी बाटलीला हात लाव, ओठ लावू नको. असला नियम कुठल्या पोथीत नाही. आम्ही दोघींनी मिळून केलेला.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. भावाला माझं काम आवडत नाही, म्हणून तो माझ्याशीच बोलत नाही. उलव्याला माझी एक खोली आहे. बिल्डिंगमधल्या बायका लिफ्टमध्ये छान हसतात, पण शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकवाला बोलावलं की प्रत्येकीला नेमकं तेव्हाच कुठंतरी जायचं असतं. एकदा दोनदा बोलावलं, मग सोडून दिलं. पण घट मी मांडते. संध्याकाळी पूजा करते आणि पोथी मोठ्यानं वाचते. आठवड्याभरात माझ्या घरात माझा आवाज निघतो तो तेवढाच. त्यामुळे उपास मोडायचा म्हणजे देवाचा कोप होईल वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. तो मोडला तर घरात उरतं काय, एवढंच डोक्यात होतं.

आता चूक कोणाची, तर माझीच. नवं ड्रिंक बघायला येतो, अशा हेड ऑफिसच्या मेलमध्ये तारीख होती, वार नव्हता. शिफ्टवाल्या माणसाला वार कळत नाहीत, आमचा रविवार मंगळवारी असतो. मी आपली ‘ओके मॅम’ लिहून मोकळी झाले. बुधवारी रात्री घरी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि कपाळावर हात मारला.

तारीख बदलून मागता आली असती का? नसती. आमचे मॅनेजर देवधर साहेब यांनी आठवडाभर आधीच मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की दोन वर्षं बारचा धंदा खाली येतोय आणि मालकांना तिथं कॉफी काउंटर करायचाय. हिवाळ्याचं नवं ड्रिंक हेड ऑफिसनं पास केलं तर बारचा काउंटर राहणार. नाहीतर मला बँक्वेटच्या, म्हणजे लग्न-पार्ट्यांच्या हॉलच्या बुकिंगला बसवणार. पगार तोच, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांना वाटलं मला बरं वाटेल. फोनवर ‘किती माणसं, व्हेज की नॉनव्हेज’ विचारत उरलेली नोकरी काढायची, हे मला नको होतं. काउंटरवर निदान समोर माणूस येऊन बसतो.

आता ड्रिंकबद्दल थोडं. जिन ही तशी साधी दारू, पण तिला जुनिपर नावाच्या एका रानटी फळाचा वास दिलेला असतो. थोडा लाकडासारखा, थोडा औषधी. त्याशिवाय प्रत्येक कंपनी आपलं काहीबाही घालते, धने म्हणा, वेलची म्हणा. थंडीत संत्री चांगली येतात, म्हणून मी संत्र्याचा रस घेतला. आंबटपणाला ईडलिंबू घेतलं, कारण त्याच्या सालीला जो वास आहे तो साध्या लिंबाला नाही. कर्नाळ्याच्या बाजूनं येणाऱ्या बायका पनवेलच्या बाजारात ती घेऊन बसतात. हेड ऑफिसच्या कागदावर रोझमेरी, म्हणजे एक विलायती वासाचा पाला, लिहिली होती. ती वाशीहून मागवावी लागते आणि दोन दिवसांत तिची केरसुणी होते. मी तिच्याऐवजी गवती चहा घेतला. तो माझ्या गॅलरीत ड्रममध्ये लावलेला आहे. बांधकामाची धूळ बसते, तेवढी तीन पाण्यांनी धुवायची. त्याची पाती साखरेच्या पाण्यात उकळून सिरप केलं. रस, सिरप, जिन, बर्फ हे शेकरमध्ये, म्हणजे झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात हलवायचं, गाळायचं, वरून सोडा आणि शेवटी ईडलिंबाची साल ग्लासवर मुरडायची, म्हणजे तिचं तेल वर उडतं.

कृती एवढीच. खरी गंमत बॅलन्समध्ये आहे. आंबट, गोड आणि दारूचा कडवटपणा, तिघांनी एकमेकांना धरून राहायचं. ते कागदावर जमत नाही, कारण फळ रोज वेगळं असतं. म्हणून बारटेंडर प्रत्येक नवं ड्रिंक केल्यावर त्यात स्ट्रॉ बुडवतो, वरच्या टोकावर बोट धरतो, अडकलेला थेंब जिभेवर सोडतो आणि मग दुरुस्ती करतो.

आठवडाभर मी हे सगळं आमच्या नेहमीच्या जिनवर बसवलं होतं. आणि गुरुवारी सकाळी नऊला कुरिअर आलं. हेड ऑफिसचा नव्या कंपनीशी करार झाला होता, याच जिनमध्ये बनवा असं चिठ्ठीत लिहिलं होतं. त्या बाटलीची चव मला माहीत नव्हती. संत्र्याचा रस उपासाला चालतो, तो मी चाखला. परवाच्यापेक्षा गोड लागला. सिरपही चालतं. पण सुटं सुटं चाखून काय कळणार? मीठ, मिरची, चिंच वेगवेगळी चाखून कालवण कसं झालंय ते सांगता येतं का?

मग मी जीभ शोधत हॉटेलभर फिरले. देवधर साहेब दारूला शिवत नाहीत आणि त्यांना शुगर आहे. शेफनं अख्खा मार्गशीर्ष दारू सोडलेली. इक्बालभाई, आमचे जुने स्टुअर्ड, त्यांनी तर जन्मात थेंब घेतलेला नाही. बारा वर्षं दारूचे ट्रे उचलतात, तेवढाच संबंध. ते म्हणाले, “भारतीबेन, नाक देतो. जीभ नाही देऊ शकत.” बाटली हुंगून त्यांनी सांगितलं की यात संत्र्याची सुकलेली साल आहे. मीही हुंगलं. बरोबर होतं. बाकी कोणाचा गुरुवार, कोणाचा अख्खा महिना. अख्ख्या हॉटेलात चाळीस माणसं आणि बारमधलं एक ड्रिंक चाखायला कोणी नाही. मला हसूही आलं आणि रडूही.

अकराला बार उघडला आणि म्हात्रे काका येऊन बसले. काका जवळच्या कोन गावचे. जमीन गेली, पैसा आला, चार मजली घर झालं, मग बायको गेली, आणि पोरं पुण्याला राहायला गेली. रोज अकराला येतात. मार्गशीर्षात लिंबूसोडा घेतात आणि तोच दोन तास पुरवतात. ते दारूसाठी येत नाहीत, हे मला कधीच कळलं होतं. तेही गुरुवार पाळतात, त्यामुळे विचारण्यात अर्थ नव्हता. तरी मी सगळं सांगितलं. तोंड एवढंसं झालं होतं माझं, ते त्यांनी आधीच बघितलं होतं.

काकांनी स्ट्रॉनं बर्फ ढवळला आणि शांतपणे विचारलं, “घरी निवद कोन करतं?”

“मीच करते की.”

“चाखून करतस?”

नैवेद्य कोणी चाखत नाही. देवाच्या आधी जीभ लावायची नाही, हे आमच्याकडे पोरीला पोळपाटाबरोबर शिकवतात. मीठ हाताच्या अंदाजानं, तिखट रंगावरून, गोड वासावरून. आणि तरी नैवेद्याचं जेवण कधी बिघडत नाही.

“काका, दारू हाय ती,” मी म्हटलं. “तिला कुठं निवद बोलता?”

“मी दारूला नाय बोललो. तुझ्या हाताला बोललो.”

मी पाठ फिरवून संत्री चिरायला घेतली.

मग मी नैवेद्यासारखंच केलं. संत्रं हातात दाबून बघितलं, साल सैल, म्हणजे पिकलेलं. रस गोड असणार, आणि जिनमध्येही संत्र्याची साल, म्हणजे संत्रं जरा कमीच. ईडलिंबाचा रस नेहमीएवढा. सिरप मी माझ्या कागदावर सुरुवातीला, चाखण्याआधी, लिहिलं होतं तेवढंच, पंधरा एमएल. शेकर हलवला. तो हातांना चटका बसण्याइतका गार झाल्यावर थांबले. गाळलं, सोडा घातला, साल मुरडली, हुंगलं. आणि हात सवयीनं स्ट्रॉकडे गेला. एरवी इथं मी थेंब चाखते आणि म्हणते, हं, अजून थोडं सिरप. आज म्हणायला काही नव्हतं. ग्लास तसाच ट्रेवर ठेवला.

बाराला साठे मॅडम आल्या. हेड ऑफिसमध्ये सगळ्या हॉटेलांचे बार त्या बघतात. पुण्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा, आणि ग्लास उजेडात धरून बघत बसल्या. देवधर साहेब माझ्याकडे बघत होते आणि मी सोड्याच्या मशीनकडे. मग त्या म्हणाल्या, तुम्हीही घ्या ना. मी उपास आहे म्हणून सांगितलं.

“मग हे चाखलं कोणी?”

“कोणीच नाही, मॅडम.”

देवधर साहेबांनी डोळे मिटले. माझ्या मनात आलं, चला, बँक्वेट.

मॅडमनी ग्लास खाली ठेवला. “तरीच,” त्या म्हणाल्या. “मागच्या हिवाळ्यातलं तुमचं ड्रिंक मी प्यायले होते. पावसाळ्यातलंही. ती सरबतं होती, हे ड्रिंक आहे. गिऱ्हाइकांच्या फॉर्मवर दोन वर्षं तेच येतंय, फार गोड. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

मी साहेबांकडे बघितलं. ते एसीच्या रिमोटशी खेळायला लागले. नंतर मला म्हणाले, तुम्हाला वाईट वाटलं असतं. भला माणूस. मला वाईट वाटू नये म्हणून माझा काउंटर घालवत होता. आम्ही या धंद्यात पहिल्या दिवशी शिकतो की गिऱ्हाईक तक्रार करत नाही, ते यायचं बंद होतं. आणि मी शिकलेली बाई, धंदा का बसला याचं खापर रोज नव्या फ्लायओव्हरवर फोडत होते.

ड्रिंक पास झालं. काउंटर राहिला. मॅडमनी नाव इंग्रजी ठेवायला सांगितलं, मी ‘ओके मॅम’ म्हटलं.

त्या गेल्यावर मी काकांसमोर जाऊन उभी राहिले. ते अजून लिंबूसोडाच पीत होते. मी विचारलं, खरंच गोड व्हायचं का? काकांनी मान खाली घातली.

“व्हायचं. दोन वरसं झाली.”

“मग बोलला का नाय?”

“बोललो आनि तू रागावलीस, तर मी बसायला कुठं जाऊ?”

मी त्यांचा ग्लास भरला आणि आत जाऊन डोळे पुसले.

शुक्रवारी सकाळी मी तेच ड्रिंक केलं. तीच बाटली, तीच मापं. स्ट्रॉ बुडवला आणि चाखलं. आंबट. मला ते चक्क आंबट लागलं. हात आपसूक सिरपच्या बाटलीवर गेला होता. जे त्यांनी पास केलं ते माझ्या जिभेनं कधीच पास केलं नसतं. उपास नसता, तर मी माझ्याच हातानं सिरप ओतून काउंटर घालवला असता.

चार माणसांच्या घरात आमटी गोड झाली की पहिल्या घासाला कोणीतरी बोलतं. भांडण होतं, दुसऱ्या दिवशी गूळ कमी पडतो. आई होती तेव्हा ती बोलायची, आणि काय बोलायची! नऊ वर्षं माझ्या ताटाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. जीभ रोज केसभर सरकत गेली आणि मला पत्ताच लागला नाही. नव्या पोरापोरींना मी आता मापं नंतर शिकवते. आधी सांगते, कृती कागदावर राहते, पण जीभ दुसऱ्यानं टोकल्याशिवाय ठिकाणावर राहत नाही. एकट्यानं चाखू नका.

मार्गशीर्ष संपल्यावर मी काकांना सांगितलं, रोजचा पहिला घोट तुमचा, आणि खोटं बोलायचं नाही. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “नाय गो. गोड हाय.” मी परत केलं. परत गोड. तिसऱ्यांदा म्हणाले, आता जरा बरं हाय. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! आणि इतकं बरं वाटलं, की तसं नऊ वर्षांत वाटलं नव्हतं.