नऊ ओळी मी पुसल्या, दहावी साहेबांनी

"ती ओळ खाल्ली कुणी? पहिलीच ओळ, माझ्या नावाची. कुणी खाल्ली ते सांगा."

म्हैसुरात, विजयनगरातल्या आमच्या ऑफिसात मी हे इतक्या मोठ्याने ओरडत होतो, की खालच्या बेकरीवाल्याने दंगल समजून अर्धं शटर ओढलं. समोर साहेब कॉफी ढवळत बसलेले. साहेब इथले जुने मराठी. खापरपणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, आणि घरातली मराठी तेव्हापासून कन्नडशी संसार करतेय.

"सुम्ने कशाला ओरडता, उगीच," ते म्हणाले. "पाठवणाऱ्याचं नाव वर आपोआप येतं अल्वा, नाही का? मग खाली अजून एक नाव कशाला, म्हणून काढलं."

प्रकरण असं. ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल म्हणजे तिचं तळघर. तिथे एक ड्रायव्हर, म्हणजे छोटासा प्रोग्राम होता, वीज वाचवायला मशीनला झोपवणारा आणि वेळेवर उठवणारा. तो चालू करायचा तर कर्नलचे आणखी अकरा भाग आधी चालू हवेत, अशा अटी कोणीतरी घालून ठेवलेल्या. त्यात एक भाग आवाजाचा. मशीनला झोपवताना अंगाई म्हणायची होती की काय, देव जाणे. इथल्या नजरबादच्या सरकारी कचेऱ्यांत माणूस मेल्याच्या दाखल्यालासुद्धा अकरा सह्या लागत नाहीत.

पाच महिने मी एकेक अट काढायचो, कर्नल नव्याने बांधायचो, मशीन झोपवायचो आणि ते उठतंय का बघत बसायचो. नाही उठलं की परत पहिल्यापासून. गोकुलमच्या माझ्या घरात लॅपटॉप असा तापायचा, की शेजारच्या योगवर्गातले परदेशी लोक घाम गाळायला आमच्या जिन्यात येऊन बसायचे. शेवटी अकरातल्या दोनच अटी खऱ्या निघाल्या. बाकीच्या नऊ ओळी पुसल्या. पाच महिन्यांत नऊ ओळी पुसणारा कारागीर पृथ्वीवर दुसरा नसेल.

साताऱ्याहून इथे येऊन मला वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत जे लिहिलं ते सगळं कंपनीच्या पोटात गेलं, त्यावर माझं नाव कुठेच नाही. हे कर्नल मात्र खुलं. ज्याने बदल केला त्याचं नाव त्याच्या इतिहासात कायमचं राहतं, जगात कोणीही वाचावं. मला तेवढंच हवं होतं.

अडचण अशी, की आमच्या कंपनीची प्रत्येक मेल शेपटाला 'हा मजकूर गोपनीय आहे' असं बांधूनच बाहेर पडते, आणि कर्नलवाल्यांच्या जाहीर मेल-यादीवर, जिथे बदल तपासायला पाठवतात, असली मेल चालत नाही. म्हणून कंपनीची परवानगी होती ती फक्त साहेबांच्या खासगी ईमेलवरून पाठवायची. दुसऱ्याचं काम पाठवताना पहिल्या ओळीत त्याचं नाव घालायचं, हा तिथला रिवाज. ती ओळ नसेल तर पाठवणाराच लेखक, खाली सह्या कुणाच्याही असोत. मी ओळ घालून दिली होती. साहेबांनी नीटनेटकेपणा केला.

त्यांच्या पूर्वजांनी किती गड घेतले ठाऊक नाही. माझे पाच महिने त्यांनी एका बटणावर घेतले.

"आता बदलून घ्या," मी म्हणालो. एकदा आत गेलेल्याचा इतिहास दुरुस्त होत नाही, हे मलाही माहीत होतं.

"मुगीतु, संपलं ते," साहेब म्हणाले. "खाली तुमची सही आहे की."

"सही लग्नाच्या रजिस्टरवर साक्षीदारही करतो, सर. नवरा कोण ते वर लिहितात."

साहेब हसले. विनोद त्यांना मनापासून आवडला, याचाच मला जास्त राग आला.

मग मी त्यांच्याच स्क्रीनवर तो सगळा पत्रव्यवहार उघडला. बदल आत जाण्याआधी दहा दिवस यादीवर पडून होता. दुसऱ्याच दिवशी कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्या रखवालदाराने लिहिलं होतं, हे जंगल साफ करायला इतक्या वर्षांत कोणी धजलं नव्हतं, फार सुंदर काम. त्याखाली साहेबांचं उत्तर, एका शब्दाचं: 'थँक्स'. पुढचे आठ दिवस एक ओळ लिहिली असती तरी नाव बदललं असतं. त्यातल्या ऑफिसच्या प्रत्येक दिवशी साहेब माझ्या टेबलापाशी येऊन, कॉफीला येता का, विचारून गेले होते.

माझा आवाज आपोआप खाली आला.

"हे वाचलंत, तेव्हा काम कुणाचं ते आठवलं नाही?"

साहेबांनी कप खाली ठेवला.

"कौतुक केलं त्यांनी," ते म्हणाले. "थँक्स म्हणतात अल्वा."